न ऐकलेला 'न'

डेनिस्टन, ग्लासगो
सोमवार, ४ नोव्हेंबर १९९१

प्रिय जेम्माताई,

धाकट्या विनीचा नमस्कार (गुडघे वाकत नसल्यामुळे उभ्यानेच). तुझा नवा खुबा कसा आहे? विश्रांतिगृहातल्या नर्सा तुला रोज समुद्रकाठाने चालवत नेतात असं तू लिहिलंस. नोव्हेंबरात, पोर्टोबेलोच्या वाऱ्यात, अडुसष्ट वर्षांच्या बाईला! ग्लासगोत निदान आजारी माणसाला आजारी पडू देतात. असो, तुझं शहर, तुझा वारा. माझी प्रकृती उत्तम आहे. कानांचं विचारलं आहेस, तेही उत्तम. हल्ली लोकच पुटपुटतात, त्याला माझे कान काय करणार? चौतीस वर्षं मी दुकानाच्या तक्रार-खिडकीवर बसून अर्ध्या ग्लासगोचं रडगाणं ऐकलं, तेव्हा कुणी पुटपुटत नव्हतं. तू दिलेलं त्या कानाच्या डॉक्टरांचं कार्ड मी जपून ठेवलं आहे (कुठे, ते आठवत नाही).

आता मुद्दा. इस्पितळात जाण्याआधी तू मला म्हणाली होतीस, "विने, तू तिकडे एकटी, मी इकडे एकटी. हा काय वेडेपणा आहे? एका घरात राहू. तू एडिंबराला ये, नाहीतर मी ग्लासगोला येते. पण आधी दोन आठवडे माझ्या घरात राहून बघ, माझ्या मांजराला, नॉक्सला, खायला घाल, आणि मग सांग." या महिनाअखेरच्या सेंट अँड्रूच्या सणाच्या आत तुला उत्तर हवं होतं, कारण तू इकडे यायचं तर तुझं घर विकायला काढावं लागेल, आणि मी तिकडे यायचं तर मागच्या खोलीतून रॅनल्डभावजींचे मासेमारीचे गळ हलवावे लागतील. खरं तर मला दोन आठवड्यांची गरजच नव्हती. माझं उत्तर तुझ्या लग्नापासून, म्हणजे अडतीस वर्षं, इस्त्री करून कपाटात तयार आहे. तरी मी राहिले, आणि मोकळ्या मनाने राहिले. (मोकळ्या मनाचा पुरावा: 'ग्लासगो १९९०, युरोपची सांस्कृतिक राजधानी' हा माझा बिल्ला मी चौथ्या दिवशी कोटावरून काढला होता. कोट घासायचा होता म्हणून. पण काढला होता.)

तर ऐक तुझ्या शहराचे गुण. तुमच्या किल्ल्यावरून म्हणे रोज दुपारी एक वाजता तोफ उडते आणि सगळं शहर घड्याळ लावून घेतं. मी रविवार सोडून रोज एक वाजता खिडकीत उभी राहिले. एक जरी बार ऐकला असेन तर शपथ. रस्त्यावरचे लोक मात्र बरोबर त्याच वेळी मनगटाकडे बघून माना डोलवत होते. दारूगोळा वाचवायचा आणि अख्ख्या शहराने दचकल्याचं सोंग करायचं, ही काटकसर एडिंबरालाच सुचावी! आणि चिप्स? पहिल्या शुक्रवारी मी कोपऱ्यावरच्या टोनिनोच्या दुकानात मासा आणि चिप्स घ्यायला गेले. त्याने विचारलं, "मीठ नि सॉस?" मी म्हटलं, "मीठ नि व्हिनेगर." तो म्हणाला, "सॉसमध्ये व्हिनेगर आहेच की, मावशी." मी म्हटलं, "समुद्रातही मासा आहेच, म्हणून काय मला तळलेला समुद्र देणार आहेस?" रांगेतली एक बाई हातमोज्याआड म्हणाली, "ग्लासगोच्या दिसतात," (हे मात्र मला स्वच्छ ऐकू आलं.) मी वळून म्हटलं, "दिसत नाही बाई, आहे!" आणि चिप्स कोरड्याच घेऊन बाहेर पडले. घरी येऊन त्या चिप्स नॉक्सबरोबर खाल्ल्या. त्यानेही तोंड वाकडं केलं. आणि तो तर धर्मसुधारकाचं नाव लावणारा प्रोटेस्टंट बोका आहे, कोरड्या गोष्टींची त्याला सवय असायला हवी.

आता जिना. (आपल्या भाषेत 'क्लोज', शब्द विसरली नसशील अशी आशा.) मी पोचले त्याच सकाळी तुझ्या दाराच्या मुठीला पांढरं कार्ड लटकत होतं: 'जिना धुण्याची पाळी आपली.' प्रवासाची बॅगसुद्धा उघडली नव्हती! पाळीचं कार्ड आपल्याकडेही फिरतं, मला त्यात नवल नाही. पण पाहुणीच्या स्वागताला बादली? मी जिना धुतला. असा धुतला की खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दोन दिवस भिंतीला धरून चालत होते. मग मी कार्ड नेऊन वरच्या मजल्यावर तुझ्या त्या मिस क्रायटनच्या दाराला लटकवलं. तोवर तिची नि माझी गाठ पडली नव्हती. तू मला सांगून ठेवलं होतंस की ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, वनस्पती उद्यानात चाळीस वर्षं झाडांच्या लॅटिन पाट्या लिहीत होती, आणि तुझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे. (शेवटचं वाक्य मला आवडलं नव्हतं, हे आता लिहून टाकते. जवळची मैत्रीण असायला तुला बहीण नव्हती का, सत्तेचाळीस मैलांवर?) पुढच्याच आठवड्यात, सोमवारी, तुझ्या दाराच्या फटीतून तसंच पांढरं कार्ड आत पडलं. तोच आकार, तेच मुंगीच्या पावलांसारखं अक्षर. मी म्हटलं, वा! चार बिऱ्हाडं असताना आठवड्यात पुन्हा आमचीच पाळी? मी ते वाचलंसुद्धा नाही. चौघडी घातली आणि मागच्या खोलीच्या खिडकीतून गार वारा यायचा तिथे फटीत खोचून दिलं. हे कार्ड लक्षात ठेव, ताई. मठाच्या शाळेतल्या सिस्टर इग्नेशिया म्हणायच्या की विनिफ्रेड गिलहूली वाचण्याआधी उत्तर देते. त्या वारल्या म्हणून मी वाचले. नाहीतर आज मला कोपऱ्यात उभं केलं असतं.

आता गुरुवार. त्या दिवशी पोस्टमनने मिस क्रायटनच्या नावाची बियाण्यांची यादी चुकून तुझ्या दारात टाकली. ती तिच्या पेटीत सरकवून परत यायचं, एवढंच माझ्या मनात होतं. पण म्हटलं, जिची पाळी आपण धुतो तिचं तोंड तरी बघू. पाच वाजले होते. बेल दाबली. बऱ्याच वेळाने दार उघडलं. चिमणीएवढी बाई, पांढरी कॉलर, ॲप्रन. तिने माझ्याकडे पाहिलं, तोंडभर हसली, आणि म्हणाली, "चहा घेऊन आला असालच!"

ताई, तुला या वाक्याचं महत्त्व सांगायला नको. आपल्याकडे पोरांना 'बाबा' आणि 'आई'नंतर हेच वाक्य शिकवतात. दमलेला, भुकेला माणूस संध्याकाळच्या चहाच्या, म्हणजे जेवणाच्या, वेळी एडिंबराच्या दारात उभा राहिला की यजमानीण आत मांसाची पाई भाजत असलेल्या भट्टीचं दार पायाने लोटत गोड आवाजात म्हणते, "चहा घेऊन आला असालच!" आणि दार लावून घेते. जन्मभर मी हे वाक्य लोकांना सांगत आले. प्रत्यक्ष कानांनी ऐकण्याचं भाग्य त्रेसष्टाव्या वर्षी आलं. आणि त्या वाक्याला द्यायचं उत्तर तर मी किती वर्षांपासून तयार ठेवलं होतं! भांडी घासताना म्हटलेलं, बसची वाट पाहताना म्हटलेलं, ओठ न हलवता प्रार्थनेच्या वेळीही म्हटलेलं. ते मी तिथे दिलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता. म्हटलं, बाई, आमच्याकडे मीटर बघायला आलेल्या माणसालाही सूप दिल्याशिवाय सोडत नाहीत. आमच्याकडे खुर्च्या कमी असतात, कारण माणसं जास्त असतात. तुमचं शहर म्हणजे काचेच्या कपाटातली बशी, बघायला छान, पण तीवर कधी कुणाला काही वाढलं आहे का? मी म्हटलं, आणि माझी बहीण या दगडांत अडतीस वर्षं कशी जगली, हे परमेश्वरालाच ठाऊक! ती हसतच होती. मध्ये एकदा तिने नम्रपणे मानही लववली. त्याने मी जास्तच पेटले. शेवटी बियाण्यांची यादी तिच्या हातात ठेवली आणि पाठ फिरवून खाली आले. जिन्यात तळलेल्या माशाचा सुंदर वास सुटला होता. तोही मी तिच्याच खाती जमा केला: घरात मासा तळतेय, आणि दारात असं!

घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल, तर नेटी मॅकसॉर्लीला फोन. (ग्लासगोतली, माझ्या समोरच्या दारातली नेटी, तिचा आवाज मला कधीही नीट ऐकू येतो, फोन नसला तरी.) "खरंच म्हणाली? तेच वाक्य? अगदी तस्संच?" "तस्संच." "थांब गं विने, टीव्ही बंद करते, पहिल्यापासून सांग!" मी पहिल्यापासून सांगितलं. दोनदा.

शुक्रवारी सकाळी दार उघडलं, तर उंबऱ्यावर एक बाटली. आत व्हिनेगर. गळ्यात सुतळीने बांधलेली छोटी पाटी, झाडांना असते तशी, आणि तिच्यावर मुंगीच्या अक्षरात लॅटिन: अ‍ॅसेटम ग्लासगुएन्से. इथे माझी शाळा आडवी आली. लॅटिन येत नसतं तर मी ते सफाईचं औषध समजून जिन्यासाठी ठेवलं असतं. पण मठात आठ वर्षं लॅटिन घोकलेलं! 'ग्लासगोची आंबट जात.' म्हणजे मी! मला वर्गीकरण करून, सुतळी बांधून, माझ्याच दारात ठेवलं होतं. मी तुझ्या लिहिण्याच्या मेजावर बसले, तुझा चांगला कागद घेतला, आणि मदर सुपीरियरने ज्या अक्षराला बक्षीस दिलं होतं त्या अक्षरात लिहिलं: 'क्रुसावर खिळलेल्या प्रभूला तहान लागली तेव्हा त्याच्या मारेकऱ्यांनीही आंबच, म्हणजे व्हिनेगरच, पुढे केली होती. कळावे.' कागद वर नेला आणि तिच्या दाराला टाचणीने टोचला. टाचणी तुझ्या शिवणाच्या डब्यातली, मोत्याच्या डोक्याची. म्हटलं, करायचं ते नीटनेटकं.

शनिवार मी राजेशाही थाटात घालवला. रविवारी वादळ झालं. मागच्या खोलीच्या फटीतलं ते चौघडी केलेलं कार्ड वाऱ्याने उडालं आणि नॉक्सच्या पाठीवर पडलं. तो ते तोंडात धरून माझ्याकडे घेऊन आला. (हे मांजर मुद्दाम करतं, मला ठाऊक आहे.) पुन्हा खोचावं म्हणून उघडलं, आणि वाचलं. ताई, ते शब्दशः लिहून देते, कारण तेवढीच शिक्षा मी स्वतःला देऊ शकते:

'मिस गिलहूली, आपली भगिनी लवकर बरी होवो. आपण गुरुवारी पाच वाजता माझ्याकडे चहाला यावं, अशी विनंती. टोनिनो म्हणाला की आपल्याला माशावर व्हिनेगर लागतं आणि ते आमच्या भागात मिळालं नाही. मी मिळवलं आहे. घरून काही खाऊन येऊ नये. बेल दोनदा वाजवावी, मला कमी ऐकू येतं. लिलियस क्रायटन.'

मी खाली बसले. मग डोळे मिटून गुरुवार पुन्हा समोर आणला: ते दार, तो ॲप्रन, ते हसू, तो माशाचा वास. आणि ते ओठ. त्या ओठांवर आणखी एक अक्षर होतं, ताई. मी ऐकलं नव्हतं, पण पाहिलं होतं. जीभ दातांना लागली होती. "चहा घेऊन आला नसालच!" 'नसालच.' एवढासा 'न'. आत टेबल मांडलेलं होतं. मासा माझ्यासाठी होता. बाटली माझ्यासाठी होती; पाटी म्हणजे त्या बाईंची थट्टा होती, मैत्रीतली, चाळीस वर्षं ज्या भाषेत त्यांनी फुलांना नावं दिली त्या भाषेत. (इथून पुढे मी त्यांना 'त्या' म्हणणार आहे. वर 'ती' लिहिलं ते खोडत नाही. खाडाखोडीचं पत्र मठात परत मिळायचं, आणि हे पुन्हा लिहिण्याचं बळ माझ्यात नाही.)

मी कागद काढायला वर पळाले. पळाले म्हणजे कठडा धरून चढले. कागद नव्हता. टाचणी होती, मोत्याच्या डोक्याची, दाराच्या मधोमध. बोललेलं वाऱ्यावर जातं, ताई, पण लिहिलेलं मी टाचणी मारून ठेवलं होतं, आणि तेही सुवाच्य. दाराशी मी किती वेळ उभी होते! बेल दोनदा वाजवायची होती. मी एकदाही वाजवली नाही. चौतीस वर्षं मी खिडकीमागे बसून लोकांना म्हणत आले, "आधी पिशवी उघडून दाखवा, मग आवाज चढवा." निम्म्या पिशव्यांत मोडलेलं काही नसायचंच, माल उलटा धरलेला असायचा. त्या बायका लाल होऊन पुटपुटत निघून जायच्या, आणि मी मनातल्या मनात हसायचे. त्या दाराशी मी त्यांच्यातल्या प्रत्येकीची माफी मागितली. गेल्या सोमवारी पहाटे दूधवाल्यासाठी चिठ्ठी लावली ('दूध नको, काही निरोप असल्यास ग्लासगोचा पत्ता खालीलप्रमाणे') आणि पहिल्या गाडीने पळून आले.

आणि आता वाईट भाग. (हो, अजून यायचाच होता.) इकडे मी वीरांगना झाले आहे. नेटीने तोवर सगळ्या क्लोजला, क्लोजने रस्त्याला, रस्त्याने चर्चला सांगून टाकलं होतं. खाटीक म्हणतो, "मिस गिलहूली, एडिंबराला चांगलं ऐकवलंत म्हणे! हे सॉसेज माझ्यातर्फे." मी नको म्हटलं, तर म्हणतो, "बघा, किती नम्र!" लायब्ररीतली मुलगी म्हणते, "आजी, ते बशीचं वाक्य पुन्हा म्हणा ना." नेटीला खरं सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला, ती मला मध्येच थांबवून माझंच भाषण मला म्हणून दाखवते, आणि माझ्यापेक्षा चांगलं म्हणते. शेवटी शनिवारी मी पापनिवेदनाला गेले. जाळीमागे फादर डेव्हनी होते. मी सगळं सांगायला सुरुवात केली. दारातल्या वाक्यापाशी आले, तर जाळीतून आवाज: "खरंच म्हणाली ती तसं?" मी म्हटलं, "नाही फादर, तेच तर पाप आहे, त्या 'नसालच' म्हणाल्या होत्या." मग लोखंडी खुर्ची करकरल्यासारखा आवाज. फादर हसत होते, ताई! तोंडात रुमाल कोंबून. "तीन वेळा नमो मरिया म्हण," म्हणाले, "आणि विनिफ्रेड, ते बशीचं पुन्हा एकदा सांग." या शहरात मला क्षमासुद्धा धड मिळेना.

त्याच शनिवारी घरी आले, तर तुझं पत्र. बाकी सगळं वाचलं, आणि मग ती ओळ: 'मिस क्रायटन बुधवारी येऊन गेल्या. म्हणाल्या, तुमच्या बहिणीचं अक्षर फार सुरेख आहे.' एवढंच. बाकी काही नाही. त्या बोलल्या नाहीत. त्यांनी तुला सांगितलं नाही, आणि मी मात्र अख्ख्या ग्लासगोला सांगून बसले. तेव्हापासून घास उतरत नाही (सॉसेजचा तर नाहीच). येत्या बुधवारी त्या तुझ्याकडे पुन्हा येतील. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून आजच लिहायला बसले.

आणि लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. तुझ्या लग्नाच्या दिवशी रॅनल्डभावजींच्या आईने मला दारात 'चहा घेऊन आला असालच' म्हटलं, ही गोष्ट मी अडतीस वर्षं सांगत आले. तुझ्या समोर, भावजींच्या समोर, तुम्ही येत होतात तोवर प्रत्येक नाताळात. ताई, त्या असं म्हणाल्याच नव्हत्या. त्यांनी मला सूप वाढलं होतं. दोनदा. आणि पावसात माझे बूट भिजले म्हणून स्वतःच्या सपाता काढून दिल्या होत्या. तू मला सोडून तिकडे निघाली होतीस, आणि मला कुणावर तरी रागवायचं होतं. सूप देणाऱ्या बाईवर रागावता येत नाही, म्हणून मी ते वाक्य रचलं. भावजी दर वेळी हसायचे. तू हसायची नाहीस, उठून चहाची भांडी आवरायला जायचीस. तू तेव्हाही जाणत होतीस, हो ना? मग हळूहळू तुम्ही नाताळाला यायचंच बंद केलंत, आणि मी सगळ्यांना सांगितलं की बघा, एडिंबराने आमची बहीण गोठवून टाकली.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर. एडिंबराला मी येऊ शकत नाही, कारण तिथे वरच्या मजल्यावर एक बाई राहतात, आणि त्यांच्या दाराला एक भोक आहे. तू इथे येऊ नकोस, कारण त्या बाईंची सगळ्यात जवळची मैत्रीण त्यांच्यापासून तोडायची, एवढंच आता माझ्या हातून व्हायचं राहिलं आहे. तू तुझ्या दगडांत राहा, मी माझ्या काजळीत. फार वाईट वाटून घेऊ नकोस. मी एकटी राहू शकते. परवा किटली वाजत राहिली आणि तळ जळाला, पण ती किटली जुनी होती.

खुबा जप. वाऱ्यात फिरू नकोस.

तुझी
(लाजेने अर्धी उरलेली)
विनी

ता. क. १ : नॉक्स घरी नाही म्हणून घाबरू नकोस, तो माझ्याजवळ आहे. त्याला मागे ठेवून पळता आलं नाही. गाडीत त्याने फॉलकर्कपर्यंत शंख केला. असं डब्यातले लोक म्हणाले. मला वाटलं, झोपला आहे. चर्चची घंटा झाली की खिडकीत जाऊन बसतो. बाटायच्या बेतात दिसतो.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार, तोच दुपारचं टपाल आलं. एडिंबराचा शिक्का, मुंगीचं अक्षर. दूधवाल्याच्या चिठ्ठीवरून पत्ता घेतला. नक्कल करते:

'प्रिय मिस गिलहूली, आपली चिठ्ठी मिळाली. अक्षराबद्दल अभिनंदन. आपल्या मुद्द्याविषयी: आंब हे त्या रोमन शिपायांचं रोजचं पेय होतं, पाणी घालून ते स्वतःच पीत. म्हणजे त्यांनी आपल्या पेल्यातलं दिलं; त्या दुपारी तिथे घडलेली तेवढीच एक बरी गोष्ट असावी. मी तर बाटली मुद्दाम शोधून आणली होती, तेव्हा शिपायांहून मी किंचित बरी ठरावे. पाटीमुळे गैरसमज झाला असल्यास क्षमस्व. रोपांना कधी राग येत नसे, त्यामुळे सवय नाही. दारात आपण बराच वेळ काही म्हणत होता. मला ऐकू आलं नाही, भोजनापूर्वीची प्रार्थना असावी असं समजून मी मान लववली. नंतर आपण निघून गेलात. मासा थंड झाला. नॉक्सला द्यावा म्हटलं, तर काही दिवसांनी तोही निघून गेला. येत्या गुरुवारी पुन्हा तळणार आहे. घरून काही खाऊन येऊ नये. लि. क्रा.'

भोजनापूर्वीची प्रार्थना, ताई! माझी सारी आयुष्याची कमाई!

(बाटली मी बरोबर आणली होती. अर्धी संपली. असं व्हिनेगर आपल्याकडेही मिळत नाही, हे नेटीला कळू देऊ नकोस.)

ता. क. ३ : वर जे उत्तर लिहिलं आहे ते वाचू नकोस. वाचलं असशील तर विसर. भावजींचे गळ मागच्या खोलीतून हलवायला टोनिनोला सांग. त्याला म्हणावं, मावशी सॉसलाही एकदा संधी देणार आहे. जिन्याच्या कार्डावर चार बिऱ्हाडांची नावं आहेत, त्यांत तुझ्या नावाखाली माझंही लिही. आणि मिस क्रायटनची पाळीही यापुढे माझी. ते कानाच्या डॉक्टरांचं कार्ड सापडलं. इतकी वर्षं माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात होतं, मला दिसेल अशाच पानावर. तू बरी झालीस की माझ्याबरोबर चल, मी एकटी गेले तर ते काय म्हणाले ते मला कळणार नाही. आणि बुधवारी मिस क्रायटन येतील तेव्हा त्यांना एवढा निरोप दे: विनिफ्रेड गुरुवारी पाच वाजता येते, बेल दोनदा वाजवेल, आणि चहा घेऊन आलेली नसेल. 'न' मोठ्याने म्हण, ताई. त्यांना कमी ऐकू येतं.

मलाही.